पाच किलोमीटर म्हणजे नक्की किती: कॉलनीतल्या एका फेरीच्या नोंदी

2 नोव्हेंबर 2024, शनिवार. पाडवा

फराळाला आठ जण होतो आणि कॉलनीच्या एका फेरीची पाच मापं निघाली. बी विंगमधले काका म्हणाले, बरोब्बर सहाशे मीटर, बिल्डरच्या माहितीपत्रकात छापलं होतं. नवरा म्हणाला, अर्धा किलोमीटर धरून चाला. सी विंगमधल्या कॉलेजच्या मुलीने मनगट पुढे केलं, 640. तिच्या भावाच्या घड्याळात 655. सासूबाई चकलीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मला चौदा मिनिटं लागतात." त्यातल्या त्यात हेच माप मला भरवशाचं वाटलं.

विषय निघाला तो 26 जानेवारीमुळे. दरवर्षी झेंडावंदनानंतर मंडळ लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत घेतं. या वेळी तरुण मंडळींना पाच किलोमीटरची धाव हवी आहे, आणि तीसुद्धा बाहेर मिठागर रस्त्यावर नाही, आत रिंग रोडवरच. मुलुंड पूर्वेला सकाळी सातनंतर बाहेरच्या रस्त्यावर धावणं म्हणजे रिक्षांशी लंगडी खेळणं, तेव्हा आतच बरं.

मी हिशेबनीस बाई. 'साधारण' हा शब्द ऑफिसात कुणी उच्चारला तर माझी मान आपोआप वर होते. तोंडातून निघून गेलं, मी मोजून देते. लगेच ठरावच झाला. बजेट: शून्य.

3 नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

भावाकडे ओवाळणीत स्टीलची 30 मीटरची टेप मागितली. तो इंटिरियरची कामं घेतो. वहिनीला वाटलं मी थट्टा करतेय. टेप मिळाली, परतीच्या बोलीवर. साडी ती साडी गेली आणि वर टेप उसनी.

10 नोव्हेंबर, रविवार

सकाळी सव्वासहा. सी विंगच्या मुलीचं घड्याळ मागून घेतलं आणि एकाच रेषेवरून तीन फेऱ्या धावले. 618, 641, 655. मी तीच, रस्ता तोच, तिन्ही वेळा डावा हात कर्बच्या दगडांना लागेल इतकी आत होते.

घड्याळाचा यात दोष नाही. ते ठरावीक वेळाने आपण कुठे आहोत याचा एक ठिपका मांडतं आणि ठिपके सरळ रेघांनी जोडतं. चहूकडे सात-सात मजली विंगा, मधे गुलमोहर. उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि ठिपका कधी बागेत पडतो, कधी डी विंगच्या जिन्यात. असा झिगझॅग जोडला की लांबी फुगते. उलट कोपऱ्यावर दोन ठिपक्यांमधली रेघ कोपरा छाटते, तिथे लांबी घटते. मोकळ्या रस्त्यावर, लांब पल्ल्याला हे बरंचसं निभावून जातं. आमच्यासारख्या आठ इमारतींच्या विहिरीत नाही.

धावणं म्हणजे माझ्या बाबतीत दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली फरफट. पण आज मजा आली. आकडे बघायचे होते म्हणून वेग बघितलाच नाही.

13 नोव्हेंबर, बुधवार

रात्री वाचन. शर्यतीचे रस्ते जगभर सायकलने मोजतात, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या चाकाच्या आसाला एक छोटा गणक लावायचा, स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्टीवर सायकल चालवून चाकाचं माप ठरवायचं आणि मग पूर्ण रस्ता चालवायचा. ब्रिटनमध्ये जॉन ज्युवेल यांनी 1961 मध्ये ही पद्धत नीट मांडली. अमेरिकेतल्या ॲलन जोन्स यांनी 1971 मध्ये गणक बनवला. त्यांचा मुलगा तो घरी तयार करायचा. तेव्हापासून त्याला जोन्स काउंटरच म्हणतात.

माप चुकलं तर काय होतं, तेही वाचलं. 1981 च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बेर्तो सालाझार 2 तास 8 मिनिटं 13 सेकंदांत आला, जागतिक उच्चांक म्हणून गाजला. पुढे रस्ता पुन्हा मोजला तर सुमारे 150 मीटर कमी भरला. गेला उच्चांक. उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडातल्या ब्रायटनचं: 2021 ची मॅरेथॉन 568 मीटर जास्त झाली. बेचाळीस किलोमीटर धावल्यावर वर अर्धा किलोमीटर फुकट! मला त्या माणसांचे चेहरे दिसले.

कमी भरू नये म्हणून एक नियम आहे, तो फार आवडला. दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरायचा. म्हणजे पाचासाठी 5005 मीटर. भाजीवाली मापात टाकल्यावर वर चार मिरच्या टाकते तसं.

16 नोव्हेंबर, शनिवार

जोन्स काउंटर परदेशातून मागवावा लागतो. बजेट शून्य. पर्याय काढला.

चिरंजिवांची 26 इंची सायकल, दोन वर्षं जिन्याखाली. पुढच्या चाकात 36 स्पोक, म्हणजे शेवटचा अपुरा फेरा स्पोक मोजून धरता येतो. व्हॉल्व्हच्या जागी रिमवर नेलपॉलिशचा ठिपका. फोर्कला कपड्यांच्या चिमट्याने जुन्या पत्त्यांतली चौकट दुर्री अडकवली आणि व्हॉल्व्हजवळच्या एका स्पोकवर रबराचा तुकडा, म्हणजे एका फेऱ्याला एकच 'टक'. लहानपणी आवाजासाठी लावायचो, तेव्हा सगळ्या स्पोकना लागायचा आणि मोटरसायकल असल्याचा आव आणता यायचा.

मोजायला सासूबाईंचं जपाचं यंत्र. अंगठीसारखं बोटात घालायचं, बटण दाबलं की एक आकडा पुढे. द्यायला त्या सहज तयार झाल्या, पण त्यावर 7,344 होते. "ते घालवू नकोस." मी म्हटलं, कागदावर लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, कागदावर मीही लिहू शकते. शेवटी देवघरातल्या वहीत तारखेसह नोंद करून, दोघींच्या सह्यांनिशी यंत्र ताब्यात मिळालं. ऑफिसात स्टॉक ट्रान्सफर इतक्या शिस्तीत होत नाही.

17 नोव्हेंबर, रविवार

मोजपट्टी तयार केली. ए विंग ते डी विंगचा सरळ पट्टा, फुटपाथच्या कडेला, टेप सहा वेळा टाकून 180 मीटर. नियमाप्रमाणे 300 तरी हवेत, पण आमच्याकडे एवढा सरळ रस्ताच नाही. नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या. टेप ताणून धरायची, सैल सोडली तर पोट येतं. दर 30 मीटरला डांबरावर खडूची बारीक रेघ. वॉचमन बराच वेळ बघत होता, मग विचारलं, "मॅडम, केबल टाकणार काय?"

पहिली चूक इथेच. सायकल हातात धरून चालवत नेली: 86 फेरे आणि 27 स्पोक. मग बसून चालवली: 87 फेरे आणि 9 स्पोक. वजनाने टायर चपटतो, चाक लहान होतं, फेरे वाढतात. फरक अर्धा फेरा. किरकोळ वाटतो ना? पाच किलोमीटरवर तो 29 मीटर होतो. म्हणजे बसूनच मोजायचं, आणि दर वेळी मीच बसायचं. चिरंजीव पळवत मोजायला निघाले होते, त्यांना उतरवलं.

चारदा चालवलं. तीनदा 87 आणि 9, एकदा 87 आणि 10. चाकाचा एक फेरा म्हणजे 2.063 मीटर.

20 नोव्हेंबर, बुधवार. विधानसभेचं मतदान

सुट्टी. शाळेच्या केंद्रावर मत दिलं. फाटकापासून शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ, त्याच्या आत प्रचार नाही. दोनशेच्या पलीकडे पक्षांची टेबलं. सायकल बरोबर होती, मोह आवरला नाही, रेघेपासून फाटकापर्यंत हातात धरून नेली. 49 फेरे, म्हणजे 101 मीटर आणि वर थोडं. हवालदार म्हणाले, "ताई, काय टकटक चाललंय?" सांगितलं. ते हसले, म्हणाले, आम्हीपण टेप टाकलीय हो.

शाई लावलेल्या बोटात जपयंत्र. फोटो काढायला हवा होता.

24 नोव्हेंबर, रविवार

आज मुद्दाम दोनदा मोजपट्टीवर: सकाळी साडेसहाला आणि दुपारी एकला. सकाळी 87 आणि 9. दुपारी 87 आणि 4. डांबर तापतं, टायरमधली हवा फुगते, चाक मोठं होतं. पाच स्पोकांचा फरक, पाच किलोमीटरवर 8 मीटर. स्टीलची टेपसुद्धा तापते, पण 30 मीटरला दर अंशामागे जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, ते सोडून दिलं.

ठरलं: फेरी मोजायची ती पहाटेच, आणि आधी-नंतर दोन्ही वेळा मोजपट्टीवर सायकल चालवायची.

1 डिसेंबर, रविवार

फेरी मोजली. पहाटे साडेपाचला निघाले, कारण तेव्हा दूधवाला सोडून कुणी नसतं. रेषा नियमाची: धावणारा घेऊ शकेल ती सगळ्यात जवळची वाट, कडेपासून 30 सेंटीमीटर. कोपऱ्यांवर आतून घासून.

पहिली: 298 फेरे, 12 स्पोक. 615.47 मीटर.
दुसरी: 298 फेरे, 14 स्पोक. 615.59 मीटर.

बारा सेंटीमीटरचा फरक! एक वीत नाही भरत. जिन्यात उभी राहून तीनदा आकडेमोड केली. नवरा उठला तेव्हा त्याला सांगितलं, तो म्हणाला, "छान. चहा?" काही आनंद वाटून घेता येत नाहीत.

लहान आकडा धरायचा, म्हणजे रस्ता कमी पडायची भीती नाही. 8 फेऱ्या म्हणजे 4923.78. पाच हजार पाचला 81.22 कमी. मग सुरुवातीची रेषा शेवटच्या रेषेच्या 81 मीटर 22 सेंटीमीटर मागे, इस्त्रीवाल्याच्या टपरीच्या थोडं अलीकडे. ध्वजस्तंभाशी शेवट. नवव्या फेरीची गरज नाही.

कागदावर काम संपलं. मग वर मान करून बघितलं. साडेपाचला ज्या कोपऱ्यावर मी आतून घासून गेले, तिथे आता दोन गाड्या उभ्या होत्या.

8 डिसेंबर, रविवार

दादरला मामांकडे. मामा शिवाजी पार्कचे, साठ वर्षं तिथे फेऱ्या मारतायत. त्यांना माझ्या कॉलनीच्या फेरीचं काही कौतुक नाही. "आमचा कट्टा 1.17 किलोमीटर. छापलेलं आहे." मैदान किती? "अठ्ठावीस एकर. तेही छापलेलं आहे."

परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर गणित केलं. ठरावीक लांबीच्या दोरीत सगळ्यात जास्त जागा मावते ती वर्तुळात. 1,170 मीटरच्या दोरीचं अगदी गोल वर्तुळ केलं तरी आत 27 एकरसुद्धा पुरते मावत नाहीत. आणि शिवाजी पार्क काही गोल नाही. म्हणजे दोन्ही आकडे एकाच कुंपणाचे असू शकत नाहीत. बसायच्या भिंतीचीच लांबी मोजली असेल, मधली फाटकं वगळून, असा माझा अंदाज. मामांना फोन केला. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तू धावायला जातेस की भांडायला?"

1925 मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे शिवाजी पार्क झालं. हे मामांनीच सांगितलं, फोन ठेवता ठेवता, बरोबरीत सोडवण्यासाठी.

15 डिसेंबर, रविवार. मंडळाची बैठक

विषय: गाड्या. रिंग रोडच्या आतल्या बाजूला, बागेच्या कडेने, रात्री साठेक गाड्या असतात. गाडीची रुंदी, आरसा आणि थोडं अंतर धरलं तर धावणारा दोन मीटर बाहेर ढकलला जातो. एका गटाचं म्हणणं, सगळ्या गाड्या आदल्या रात्री बाहेर काढा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, सहाशेत दोन मीटरने काय होतंय? तिसऱ्या गटाला फक्त पोहे हवेत की उपमा, याचा निर्णय हवा होता.

मी बरोबर नेलेली वस्तू काढली: लाडवांचा गोल डबा, बर्फीचा चौकोनी खोका आणि दोरा. दोन्हींभोवती दोरा गुंडाळला, मोजला. मग एक बोट अंतर सोडून, सगळीकडून सारखं, पुन्हा. गोल डब्याचा दोरा जेवढा वाढला तेवढाच चौकोनी खोक्याचा वाढला. डबा लहान, खोका मोठा, फरक नाही. कुठल्याही बंद फेरीत एक मीटर बाहेरून गेलात की सव्वासहा मीटर जास्त, मग ती फेरी कॉलनीची असो की मुंबई शहराची. दोन मीटरला साडेबारा. आठ फेऱ्यांना शंभर.

"म्हणजे माझं घड्याळ खरं बोलत होतं," सी विंगची मुलगी म्हणाली. थोडं खरं होतं ते. ती नेहमी रस्त्याच्या मधून धावते.

बी विंगचे काका मात्र दोरा हातात घेऊन बसले होते. "पण वाढला कुठे?" मी बघितलं. खरंच, सरळ बाजूंवर दोरा आधीइतकाच होता. सगळी वाढ चार कोपऱ्यांवर. घरी हे मला सुचलं नव्हतं.

म्हणजे साठ गाड्या हलवायच्या नाहीतच. सरळ बाजूंवर राहू देत, धावणारा त्यांच्या बाहेरून जाईल आणि कोपऱ्यावर आत येईल. दोन मीटर तिरकं जायचं साठ मीटरांत, त्याला जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लागतात. मोकळे हवेत फक्त चार कोपरे. बाहेर जाऊन मोजल्या: सात गाड्या. बैठक नऊ मिनिटांत संपली. पोहे ठरले.

21 डिसेंबर, शनिवार. रात्र

जेवणानंतर शतपावली. या वेळेला रिंग रोड कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. मुलींचं बॅडमिंटन, नेट नाही, दोन कार्यालयी खुर्च्यांना बांधलेली ओढणी. फोनवर हळू आवाजात बोलत पाचव्यांदा समोरून जाणारा मुलगा. गाउनवर स्वेटर घातलेल्या दोन काकू, ज्यांच्या भाजीच्या भावांवरच्या चर्चेला आमच्या 615 मीटरचं बंधन नाही. रातराणी एफ विंगपाशी, नेमकी तिसऱ्या वळणावर.

सासूबाई शतपावली अक्षरशः घेतात, शंभर मोजून. सायकलने मागे गेले: 46 मीटर. "एवढंच?" म्हणाल्या आणि परत निघाल्या, मग ब्याण्णव झाले. जपयंत्राची चौकशी केली. वहीतला आकडा शाबूत असल्याचं सांगितलं.

28 डिसेंबर, शनिवार

सातपैकी सहा गाड्यांचे मालक तयार. सातवी ईशान्य कोपऱ्यावरची प्रीमियर पद्मिनी. टॅक्सीतल्या पद्मिन्या मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, ही खासगी, पांढरी, आठ-नऊ वर्षं कव्हराखाली, चारही टायर बसलेले. मालक जी विंगमधले निवृत्त आजोबा. नकार नाही दिला. म्हणाले, "हलली तर हलवा."

4 जानेवारी 2025, शनिवार

पद्मिनी हलवली. पायपंपाने हवा भरली, दोन टायरांत टिकली, दोनांत नाही. अकरा जण ढकलायला. आजोबा स्टिअरिंगवर, खिडकीची काच खाली, हात बाहेर काढून सिग्नल देत होते. पाच मीटरसाठी.

खालून निघालं: सहा रबरी चेंडू, दोन शटल, एक चप्पल, आणि चिरंजिवांचा तिसरीतला कंपास. "मी हरवला नव्हता," चिरंजीव म्हणाले, आठ वर्षांनी निर्दोष सुटल्यासारखे.

5 जानेवारी, रविवार

काम नाही. पहाटे गारवा होता, मुंबईत त्याला थंडी म्हणायची पद्धत आहे. आम्ही पाच जण सर्व्हिस रोडने धीम्या गतीने भांडुप पंपिंग स्टेशनकडे. आत खाडीकडच्या वाटेवर धावणं आपोआप थांबतं, दुर्बिणी लावून बसलेल्या माणसांच्या मागून धापा टाकत जायला लाज वाटते. लांबवर चिखलात गुलाबी रेघ. कुणी म्हणालं फ्लेमिंगो, कुणी म्हणालं प्लॅस्टिक. उडाले तेव्हा निकाल लागला.

येताना टपरीवर कटिंग आणि वडापाव. घड्याळाने सांगितलं 412 कॅलरी खर्च. वडापाव दोन खाल्ले, हिशेब मुद्दाम मांडला नाही.

11 जानेवारी, शनिवार

सायकल पंक्चर. चिरंजीव तीच घेऊन क्लासला गेले होते. ट्यूब बदलली, आणि दुकानदाराने प्रेमाने टायर टम्म फुगवून दिला. म्हणजे 2.063 गेला. सगळं पुन्हा.

रागावले. मग लक्षात आलं, उलट बरंच झालं. चाक वेगळं, हवा वेगळी, महिनाही वेगळा. तरी फेरी तेवढीच आली पाहिजे. नाही आली तर गेले दोन महिने मी फक्त पत्ता वाजवत हिंडले.

12 जानेवारी, रविवार

पहाटे 5.40. मोजपट्टी: 87 फेरे 2 स्पोक. चाकाचं नवं माप 2.0676 मीटर.
फेरी: 297 फेरे, 25 स्पोक.

गुणाकार करताना हात गार पडले होते. 615.53.

जुन्या दोन मापांच्या मधोमध. इस्त्रीवाला टपरी उघडत होता, त्याला सांगितलं. त्याने इस्त्रीत कोळसा भरता भरता विचारलं, "अच्छा है ना?" मी म्हटलं, बहुत अच्छा है. त्याला जेवढं समजलं तेवढं पुरे होतं.

14 जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. नोंदणी 43, त्यात साठीपुढचे नऊ. चालत आलं तरी चालेल, असं फलकावर लिहिलं. आठ फेऱ्या मोजायच्या कशा, हा प्रश्न होता. सी विंगच्या मुलीने सोडवला: दर फेरीला टोपलीतून एक रबरबँड उचलून मनगटात घालायचा. आठ झाले की संपलं. घरोघरी दुधाच्या पिशव्यांचे साठलेले रबरबँड मागितले. दोन तासांत सव्वाचारशे. आपण काय काय साठवतो!

19 जानेवारी, रविवार. मुंबई मॅरेथॉन

कॉलनीतले दोघं अर्ध मॅरेथॉनला. माहीमची सुरुवात, मुलुंडहून दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची, म्हणजे घरातून निघताना रात्रच. दुपारी पदकं गळ्यात घालून, जिना उतरताना कठडा धरून, फेरीला आले. एकाची तक्रार: घड्याळात 21.4 दाखवलं, रस्ता जास्त होता. मी काही बोलले नाही. दुसऱ्यानेच बैठकीतला दोरा काढला आणि त्याला कोपरे समजावून सांगितले.

25 जानेवारी, शनिवार

रात्री दहा. सहा गाड्या हलल्या. रेषा आखायला रंग आणला होता, पण ए विंगच्या काकू म्हणाल्या, डांबरावर रंग कशाला, आम्ही रांगोळी घालतो. म्हणून सुरुवातीच्या रेषेला ठिपक्यांची रांगोळी, शेवटच्या रेषेला तिरंगी. जाडी किती ठेवायची असं विचारलं, पाच सेंटीमीटर म्हटलं. काकूंनी फूटपट्टी आणली. आपल्यासारखं कुणी भेटलं की बरं वाटतं.

रेषेची कुठली कड धरायची? इस्त्रीवाल्याकडची. वहीत लिहून ठेवलं.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदन आठला, म्हणून धाव साडेसहाला. 43 पैकी 38 आले, ऐनवेळचे अकरा. एकोणपन्नास जणांनी रांगोळी पहिल्या दोन सेकंदांत पुसली.

मी रबरबँडच्या टोपलीपाशी. पहिला मुलगा 19 मिनिटं 40 सेकंद. सी विंगची मुलगी 26 च्या आत, थांबताच मनगट बघितलं आणि ओरडली, "5.09!" मग माझ्याकडे बघून, "हो, हो, मधून धावले." पद्मिनीवाले आजोबा चालत, प्रत्येक फेरीला आपल्या गाडीच्या टपावर थाप मारून. डी विंगच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात शेवटी चौदा रबरबँड निघाले. चौकशीत कळलं, सहा त्याने रंग आवडले म्हणून घेतले. त्याला पाच किलोमीटर दिले, वाद नको.

मी शेवटी, सगळे पोह्यांना लागल्यावर, एकटीने धावले. 38 मिनिटं 12 सेकंद. पाचव्या फेरीला पोहे संपत आल्याची हाक आली, तेव्हा वेग वाढला. घड्याळ लावलं नव्हतं.

संध्याकाळी जपयंत्र परत केलं. त्यावर माझे 2,387 होते, आठ फेऱ्यांचे, सकाळी बोटात होतं म्हणून सायकलवरच्या हिशेबाने उगीच दाबून ठेवलेले. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं, वही उघडली, 7,344 खाली दोघींच्या सह्या तपासल्या. मग बटण दाबून शून्य केलं आणि यंत्र माझ्याकडे परत दिलं.

"7,344 पर्यंत दाबून दे."

आत्ता रात्रीचे पावणेअकरा. 3,160 झालेत.